इंटरनेटवरील आपले नाव आणि आपली खासगी माहिती कशी सांभाळावी

आपले नाव इंटरनेटवर शोधले असता अनोळखी माणसाला काय दिसते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी स्वस्थ बसून पाहिलेले नसते. नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा, स्थळ पाहणारा आणि फसवणूक करणारा हे चौघेही मात्र नेमके तेच पाहतात. म्हणून या कामाची सुरुवात फोनच्या सेटिंगपासून न करता, एक वही आणि एक निवांत तास घेऊन स्वतःचे नाव शोधण्यापासून करावी.

ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडावी, म्हणजे आपल्या आधीच्या शोधांचा निकालांवर कमी परिणाम होतो. नाव अवतरणचिन्हांत लिहावे, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत. रोमन लिपीत आपले नाव जितक्या तऱ्हांनी लिहिले जाते, तितक्या सगळ्या करून पाहाव्यात, कारण दीक्षितांचा ‘क्ष’ आणि वैद्यांचा ‘द्य’ प्रत्येक कार्यालयात निराळा उतरतो. वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह पूर्ण नाव, स्त्रियांनी माहेरचे नाव, नंतर मोबाइल क्रमांक, ईमेल पत्ता आणि शेवटी आपले प्रोफाइल छायाचित्र, असा क्रम ठेवावा. जे जे सापडेल ते वहीत उतरवावे आणि प्रत्येक नोंदीपुढे ती माहिती कोणी टाकली ते लिहावे: आपण स्वतः, ओळखीच्या माणसाने, सरकारी कार्यालयाने की परक्याने. हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढचा उपाय त्यावरच ठरतो. ही वही भरून झाली की बहुतेकांच्या एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे चोरून नेलेल्या माहितीपेक्षा आपण आणि आपल्या माणसांनी विश्वासाने दिलेली माहितीच अधिक आहे.

माझ्या भाचीच्या लग्नाला चार वर्षे झाली होती. एका रविवारी सकाळी तिच्या वडिलांना फोन आला, “नमस्कार, मुलीचं अजून ठरलं नसेल तर आमच्या मुलाची पत्रिका पाठवतो.” चौकशी केली तेव्हा कळले की तिच्या बायोडाट्याची पीडीएफ एका वधूवर ग्रुपमधून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात जात अजून फिरत होती. त्या एका पानावर तिचे पूर्ण नाव, जन्मतारीख, मिनिटापर्यंतची जन्मवेळ, जन्मस्थळ, कंपनीचे नाव, पगार, राहत्या घराचा पत्ता, वडिलांचा मोबाइल क्रमांक, भावाची नोकरी आणि मामेकुळ, इतके सारे होते. मामेकुळ म्हणजे आईचे माहेरचे आडनाव, आणि आईचे माहेरचे आडनाव हा तर बँका आणि ईमेल सेवा ओळख पटवण्यासाठी वर्षानुवर्षे विचारत आलेला प्रश्न आहे. एखाद्याच्या नावाने खाते उघडायला किंवा त्याचा विश्वास संपादन करायला जे लागते, ते सारे आपण सुबक चौकटीत, वर गणपतीचे चित्र घालून, शेकडो अनोळखी लोकांच्या हाती देतो.

यावर उपाय म्हणजे बायोडाटा करूच नये असा नाही. त्याचे दोन कागद करावेत. ग्रुपमध्ये किंवा मंडळाकडे देण्याच्या कागदावर पहिले नाव, जन्मवर्ष, शिक्षण, व्यवसायाचे क्षेत्र, शहर, उंची आणि संपर्कासाठी घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा क्रमांक एवढेच असावे. पूर्ण पत्ता, पगार, मामेकुळ आणि भावंडांचा तपशील असलेला दुसरा कागद दोन्ही घरांचे बोलणे झाल्यावर त्या एकाच घराला द्यावा. जन्मवेळ आणि जन्मस्थळ जे खरोखर पत्रिका पाहणार आहेत त्यांनाच सांगावे. पहिल्या कागदाच्या तळाशी महिना आणि वर्ष घालून ‘सहा महिन्यांनंतर ग्राह्य नाही, पुढे पाठवू नये’ असे लिहावे. त्याने पाठवणे पूर्ण थांबत नाही, पण जुना कागद जुना आहे हे पाहणाऱ्याला कळते. लग्न ठरल्यावर ज्या ज्या ग्रुपमध्ये कागद दिला होता तिथल्या ॲडमिनला तो काढण्याची विनंती त्याच दिवशी करावी. बायोडाटा आधीच सगळीकडे गेला असेल, तर निदान खात्यांच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरे बदलावीत. आईच्या आडनावाच्या जागी खरे आडनावच लिहिले पाहिजे असे ईमेल सेवेचे बंधन नसते. आपल्याला आठवेल असा भलताच शब्द तिथे चालतो. बँकेच्या किंवा सरकारी अर्जात मात्र खरीच माहिती द्यावी लागते.

झेरॉक्सच्या दुकानातही असेच घडते. आधार कार्डाची प्रत हवी असली की आपण दुकानदाराचा क्रमांक विचारतो, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतो, दोन रुपये देतो आणि निघून येतो. फाइल मात्र त्याच्या संगणकावर राहते. ‘सर्वांसाठी हटवा’ ही सोय साधारण अडीच दिवसच चालते आणि तोवर समोरच्याने उतरवून घेतलेली फाइल तिने पुसली जाईलच असे नाही. त्यामुळे आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून मास्क केलेले आधार घेऊन ठेवावे; त्यात १२ अंकांपैकी शेवटचे ४ अंकच दिसतात आणि ओळख दाखवण्यापुरते ते बहुतेक ठिकाणी पुरते. जिथे प्रत देणे भागच आहे, तिथे तिच्यावर तिरपी रेघ मारून ‘केवळ गॅस जोडणीसाठी’ असा उद्देश आणि तारीख लिहून सही करावी. एमआधार ॲपमधून बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे लॉक करून ठेवता येतात. लागेल तेव्हाच ती उघडावीत. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत ते पाहता येते, आणि त्यांत न ओळखीचा क्रमांक आढळला तर तो आपला नाही असे तिथेच कळवता येते. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि घरातल्या ज्येष्ठांच्या नावाने ती आधी करावी.

फोनमधील सेटिंगचे काम त्यामानाने सोपे आहे. व्हॉट्सॲपमध्ये प्रोफाइल फोटो, ‘लास्ट सीन’ आणि ग्रुपमध्ये जोडण्याचा अधिकार हे तिन्ही ‘माझे संपर्क’ यावर आणावेत, ६ अंकी पिनची दुहेरी पडताळणी चालू करावी आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी संगणक दिसल्यास तो काढून टाकावा. फेसबुकवर जुन्या पोस्ट एकेक करून लपवत बसण्याची गरज नाही. पूर्वीच्या सर्व सार्वजनिक पोस्ट एकदम मित्रांपुरत्या करणारी सोय गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये आहे आणि भारतात प्रोफाइल लॉक करण्याची सोय २०२० पासून उपलब्ध आहे. ट्रूकॉलरमध्ये दुसऱ्याच्या फोनबुकातून आलेले आपले नाव दिसत असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावर क्रमांक यादीतून काढण्याची विनंती करता येते. आपले स्वतःचे खाते असेल तर ते आधी बंद करावे लागते. यूपीआय आयडी मोबाइल क्रमांकावरून केलेला असेल तर निराळा करून घ्यावा, म्हणजे दुकानात पैसे देताना क्रमांक उघड होत नाही. ईमेल खात्याचा पासवर्ड मात्र इतर कुठेही वापरलेला नसावा, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा दुवा शेवटी तिथेच येतो. आपला ईमेल पत्ता एखाद्या माहितीगळतीत सापडला आहे का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या २०१३ पासून चालणाऱ्या संकेतस्थळावर पाहता येते.

छायाचित्रांविषयी थोडे सांगायला हवे. फोनने काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये, कॅमेऱ्याला स्थानाची परवानगी असेल तर, तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही नोंद सहसा गळते, परंतु दर्जा टिकावा म्हणून तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. कॅमेऱ्याची ती परवानगी काढून टाकावी. गणपतीला सगळे घर बंद करून गावी गेल्याचे फोटो गावाहून परतल्यावर टाकावेत. मुलांच्या बाबतीत शाळेचा बिल्ला, गणवेश आणि रिक्षाची वेळ एकाच चित्रात येऊ देऊ नये, कारण ते मूल अजून स्वतःसाठी संमती देण्याच्या वयाचे नाही आणि त्याची पहिली ओळख आपण ठरवतो आहोत.

आता वहीतील सरकारी कार्यालयांच्या नोंदी पाहू, ज्यांतले आपल्याला काहीच पुसता येत नाही. महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा कोणालाही पाहता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळते. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून खटला शोधता येतो आणि मतदारयादीत नाव, वय, नातलगाचे नाव आणि घर क्रमांक असतात. व्यवहार उघड्यावर राहावेत यासाठी ही दफ्तरे खुली आहेत आणि माझ्या मते ती खुली असणे योग्यच आहे. आपण करायचे ते एवढेच की, यातील माहिती कोणी फोनवर धडाधड वाचून दाखवली तर त्यावरून तो माणूस अधिकारी आहे असे मानायचे नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली लुबाडणारे हेच करतात: तुमचा गट क्रमांक, आधारचे काही अंक, मुलाच्या कंपनीचे नाव आधी सांगतात, समोरचा हबकतो आणि पुढचे सगळे खरे धरतो. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे स्पष्ट सांगितले होते. असा फोन आला की ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ती रोखता येते.

एखादी गोष्ट काढून टाकायची असेल तर क्रम चुकवू नये. लोक आधी गूगलकडे धावतात. गूगल हे केवळ सूचीचे पान आहे. मजकूर ज्या संकेतस्थळावर आहे तिथून तो गेला नाही, तर सूचीतून गेलेली नोंद दुसऱ्या शब्दांनी शोधल्यावर पुन्हा सापडते. म्हणून प्रथम मूळ संकेतस्थळाला लिहावे. पत्र लहान आणि सभ्य असावे: कोणते पान, त्यातील कोणते वाक्य किंवा चित्र, ते चुकीचे किंवा खासगी का आहे, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे. वृत्तपत्रातील जुनी बातमी पूर्ण काढा असे म्हटल्यास नकार येण्याचाच संभव जास्त. परंतु अटकेची बातमी आहे आणि पुढे न्यायालयाने निर्दोष सोडले आहे, तर निकालाची प्रमाणित प्रत जोडून बातमीखाली तशी नोंद घालण्याची मागणी करावी. ती रास्त आहे आणि संपादकाला मान्य करणे सोपे जाते. मूळ पान बदलल्यावरही गूगलमध्ये जुना मजकूर दिसत राहिला, तर कालबाह्य मजकूर ताजा करण्याची विनंती त्यांच्याच साधनातून करता येते. आपला पत्ता, फोन क्रमांक, बँकेचा किंवा ओळखपत्राचा क्रमांक, सही किंवा खासगी छायाचित्र निकालांत येत असेल तर ते काढण्याच्या विनंतीचा स्वतंत्र अर्ज आहे.

समाजमाध्यमांच्या बाबतीत २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आपल्याला एक हक्काची जागा दिली आहे. प्रत्येक माध्यमाला तक्रार-निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क प्रसिद्ध करावा लागतो, आणि तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते. पोस्टखालचे ‘रिपोर्ट’ बटण दाबून तेवढ्यावर थांबू नये. या अधिकाऱ्याला लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते, आणि त्यासाठी वकील लागत नाही.

२०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. कंपनीला दिलेली संमती मागे घेणे, चुकीची माहिती दुरुस्त करून घेणे आणि गरज संपल्यावर ती पुसून घेणे हे अधिकार त्यात आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र त्याच कायद्यात एक अपवाद आहे, तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा: जी माहिती व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केली आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही. आपण आपल्या फेसबुकच्या भिंतीवर सर्वांसाठी लिहिलेला फोन क्रमांक कोणी उचलला, तर या कायद्याचा आधार मिळत नाही.

खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी, चेहरा जोडून बनवलेली चित्रे किंवा आपल्या नावाचे खोटे खाते, हे प्रकार वेगळे हाताळावे लागतात. अशा वेळी पहिली ऊर्मी सारे पुसून टाकण्याची असते आणि तीच घातक ठरते. काहीही हटवण्यापूर्वी संदेश, खात्याचा पूर्ण दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नये, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळावर चित्र न पाठवता, आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी माध्यमे त्या ठशावरून चित्र अडवतात. व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे. माध्यमाकडे केलेल्या अशा तक्रारीवरील कारवाईची मुदत नियमांनुसार दिवसांत नव्हे, तासांत मोजली जाते, म्हणून तक्रारीत ‘माझे खासगी चित्र माझ्या संमतीविना’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची माहिती नाव न देताही नोंदवता येते. कायद्याच्या बाजूने, दुसऱ्याची ओळख वापरणे कलम ६६सी, तोतयेगिरीने फसवणे ६६डी आणि संमतीविना खासगी चित्र टिपणे किंवा पसरवणे ६६ई, ही माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलमे आहेत. तिन्हींत तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

घरच्यांना एक विनंती. ज्या मुलीवर किंवा मुलावर हा प्रसंग येतो, ती व्यक्ती घरात सांगायला दोन-दोन आठवडे घाबरते, आणि त्याच आठवड्यांत चित्र पसरते. “असे फोटो काढलेच कशाला?” हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये. शेजारी बसून तक्रारीचा अर्ज भरावा.

नाव सांभाळणे म्हणजे केवळ पुसणे नव्हे. आपल्या नावाने शोधल्यावर पहिल्या पानावर आपण स्वतः लिहिलेले, खरे आणि ताजे असे काहीतरी असेल, तर जुने आणि तुटक तपशील आपोआप खाली सरकतात. लिंक्डइनवरील नीट भरलेले पान, आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावरील परिचय, एखाद्या विषयावर सही करून लिहिलेले लेख, यांचा उपयोग होतो. पाटील, जाधव, कुलकर्णी अशा आडनावांत एकाच नावाची असंख्य माणसे असतात आणि दुसऱ्याची बातमी आपल्या माथी येते. म्हणून वडिलांचे नाव किंवा गाव जोडून एकच लेखनपद्धत ठरवावी आणि सगळीकडे तीच वापरावी. पैसे घेऊन नकारात्मक मजकूर हमखास गायब करून देतो असे सांगणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांतील काही जण खोट्या स्वामित्वहक्काच्या तक्रारी करतात आणि त्या आपल्याच नावावर नोंदल्या जातात.

दवाखाना, खानावळ किंवा क्लास चालवणाऱ्यांचे नाव ग्राहकांच्या अभिप्रायांवर चालते. वाईट अभिप्रायाला त्याच दिवशी रागाने उत्तर देऊ नये. दुसऱ्या दिवशी दोन-तीन वाक्यांत, घडले ते मान्य करून, प्रत्यक्ष बोलण्यासाठी क्रमांक द्यावा. डॉक्टरांनी उत्तर देताना रुग्णाचा आजार किंवा उपचार यांचा उल्लेखही करू नये, रुग्णाने स्वतः तो केलेला असला तरी. चुलत्यामामांकडून पाच-पाच तारे लिहून घेण्याची पद्धत सोडावी. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले आहे आणि आता ग्राहकही बनावट स्तुती ओळखतात.

आपण काय लिहितो याविषयी भीती नको, भान असावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ए कलमाखाली अशा अटका होत, ते २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. मत मांडण्याचा हक्क त्यामुळे बळकट झाला, तरी बदनामीचे कलम कायम आहे आणि भारतीय न्याय संहितेत ते ३५६ व्या क्रमांकावर आहे. दुसऱ्याविषयीचा ऐकीव आरोप सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलणाराही त्यात सापडू शकतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा तपशील सहानुभूतीने पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे.

वहीतील शोध दर सहा महिन्यांनी पुन्हा करावा; दिवाळी आणि शाळेची सुट्टी या दोन वेळा लक्षात राहायला सोप्या आहेत. त्याच वेळी एक काम आणखी उरकावे, ज्याचा विचार आपण टाळतो. गूगलच्या निष्क्रिय खाते व्यवस्थापकात ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून, तेवढा काळ आपण खाते उघडले नाही तर विश्वासातील कोणाला काय मिळावे हे नमूद करता येते आणि अशा १० जणांपर्यंत नावे देता येतात. फेसबुकवर आपल्या पश्चात खाते पाहणारा ‘वारसदार संपर्क’ नेमता येतो. आईवडिलांचे फोन हाताळणारे आपणच असलो, तर त्यांच्याजवळ बसून, त्यांना विचारून, ही नावे आजच भरून घ्यावीत. घरातले जुने फोटो आणि बँकेची पत्रे बहुधा त्याच ईमेलमध्ये असतात.